चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर डाग का बसतात? स्वच्छता आणि सीलिंगची संपूर्ण माहिती

नव्या घराचा ताबा मिळतो तेव्हा हॉलमधली पांढरीशुभ्र, आरशासारखी फरशी सगळ्यांच्या नजरेत भरते. काही महिन्यांनी देवघरापुढे समईच्या तेलाचा गोल दिसू लागतो, जेवणाच्या टेबलाखाली हळदीचा पिवळट ठिपका राहतो आणि दारापासून सोफ्यापर्यंत राखाडी वाट उमटते. ‘ही टाइल पाणी पीत नाही’ असे दुकानदाराने सांगितलेले असते आणि ते खोटे नसते. तरीही डाग जात नाही.

मग उपाय सुचवले जातात. कोणी ॲसिड सांगतो, कोणी ब्लीच, तर एखाद्या रीलमध्ये दोन्ही एकाच बादलीत ओतलेले दिसते. यातला शेवटचा उपाय जिवावर बेतू शकतो. म्हणून फरशी घासायला बसण्यापूर्वी ती कशी बनली आहे आणि डाग नेमका कुठे अडकतो, हे समजून घेतलेले बरे.

थोडक्यात

- पोर्सिलेन टाइल जवळजवळ पाणी शोषत नाही. पण पॉलिश करताना तिच्या पृष्ठभागावरची सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात आणि डाग त्यांत अडकतो.
- प्रत्येक टाइलला सीलर लागत नाही. आधी टाइलचा प्रकार ओळखावा आणि छोटी चाचणी करावी.
- फरशी निस्तेज दिसण्याचे कारण अनेकदा डाग नसून साबण, फिनेल आणि क्षारांचा थर हे असते.
- ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.
- सीलर डाग थांबवत नाही, पुसायला वेळ मिळवून देतो.

पोर्सिलेन आणि व्हिट्रिफाइड म्हणजे काय?

आपल्याकडे दुकानात ‘व्हिट्रिफाइड’ म्हणून मिळते ती टाइल आणि परदेशात ‘पोर्सिलेन’ म्हणतात ती टाइल साधारण एकाच जातीची. विशिष्ट माती, फेल्डस्पार आणि वाळूतली सिलिका यांचे बारीक मिश्रण प्रचंड दाबाखाली साच्यात दाबतात आणि सुमारे १२०० अंश सेल्सियसला भट्टीत भाजतात. या तापमानाला मिश्रणाचा काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि कणांमधल्या जागा भरून काढतो. भारतातल्या अशा टाइल्सपैकी बहुतांश गुजरातमधल्या मोरबी परिसरात तयार होतात आणि तिथूनच महाराष्ट्राच्या बाजारात येतात.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार पोर्सिलेन टाइल आपल्या वजनाच्या जास्तीत जास्त ०.५ टक्के पाणी शोषते. शहाबादी किंवा मोझॅकच्या फरशीच्या तुलनेत हे प्रमाण नगण्य आहे. दुकानदाराचे म्हणणे इथपर्यंत बरोबर ठरते.

मग डाग शिरतो कुठे?

भाजताना टाइलच्या आत वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे अडकून राहतात. ते एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे पाणी आतवर जात नाही. टाइल भट्टीतून बाहेर येते तेव्हा तिचा वरचा पापुद्राही बऱ्यापैकी बंद असतो. अशी मॅट टाइल दिसायला साधी असली तरी डागांच्या बाबतीत तगडी असते.

चकाकी आणण्यासाठी हा पापुद्रा घासून काढावा लागतो. कारखान्यात टाइल एकापाठोपाठ एक अशा अधिकाधिक बारीक घासणाऱ्या चाकांखालून जाते. वरचा पातळ थर निघतो आणि आतापर्यंत बंद असलेले बुडबुडे अर्धे कापले जाऊन उघडे पडतात. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या टाइलवर सूक्ष्मदर्शकाखाली असंख्य छोटे खड्डे दिसतात. हळद, चहा, शाई, गेरू, बुटाची धूळ या खड्ड्यांत जाऊन बसते. फडके वरून फिरते, खड्ड्याच्या तळाशी पोहोचतच नाही.

म्हणजे ज्या प्रक्रियेने टाइलला चमक येते, तीच तिला डागांसाठी थोडी उघडी पाडते. हे ओळखून बरेच उत्पादक पॉलिशनंतर सिलिकायुक्त द्रव घासून ही छिद्रे भरतात. बाजारात यालाच ‘नॅनो पॉलिश’ म्हणतात. हे काम नीट झाले असेल तर घरी वेगळा सीलर लावायची गरज सहसा पडत नाही.

आपली टाइल कोणती?

सगळ्या चकचकीत टाइल्स एकसारख्या नसतात. घरात उरलेला एखादा तुकडा असेल तर त्याची कड उजेडात पाहावी.

- डबल चार्ज: वरचा साधारण ३-४ मिलिमीटरचा रंगीत थर खालच्या थरापेक्षा वेगळा दिसतो. नक्षी छापलेली नसते, रंग त्या जाड थरातच असतो. पॉलिश थेट टाइलच्या अंगावर केलेले असते. छिद्रांचा प्रश्न मुख्यतः या प्रकारात येतो.
- फुल बॉडी: वरपासून खालपर्यंत एकच रंग आणि पोत. पॉलिश केलेली असेल तर हिलाही तोच नियम लागू होतो.
- जीव्हीटी आणि पीजीव्हीटी: कडेला अगदी पातळ थर दिसतो. संगमरवराच्या रेषांसारखी नक्षी छापून त्यावर काचेसारखी झिलई दिलेली असते. झिलई चांगली असेल तर सीलर आत शिरतच नाही. वर राहून चिकट थर मात्र तयार करतो.

तुकडा नसेल तर खोक्यावर किंवा बिलावर प्रकार लिहिलेला सापडू शकतो. नवे घर घेणाऱ्यांनी बिल्डरकडून टाइलचे नाव लिहून घ्यावे आणि दोन-चार टाइल्स मागून ठेवाव्यात. पुढे एखादी फुटली तर त्याच छटेची टाइल बाजारात मिळेलच असे नाही.

दहा मिनिटांची चाचणी

पोर्सिलेन टाइलवर पाण्याचा थेंब टाकून फारसे काही कळत नाही, कारण ती पाणी असेही शोषत नाही. त्याऐवजी उरलेल्या तुकड्यावर किंवा कपाटाखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात पेन्सिलीची गडद रेघ ओढावी आणि बाजूला घट्ट काळ्या चहाचे दोन थेंब टाकावेत. दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने आणि थोड्या भांड्याच्या लिक्विडने पुसावे. दोन्ही खुणा पूर्ण गेल्या तर सीलरवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही. राखाडी किंवा तपकिरी सावली मागे राहिली तर छिद्रे उघडी आहेत.

नव्या फरशीची पहिली सफाई

फरशीचे आयुष्यभराचे रूप बऱ्याचदा पहिल्या महिन्यात ठरते. नव्या टाइलवर दोन गोष्टी चिकटलेल्या असतात. एक, वाहतुकीत चरे पडू नयेत म्हणून काही कारखान्यांत लावलेला मेणाचा थर. दुसरी, सांधे भरताना पसरलेली सिमेंटची पांढरट झाक. मेण राहिले तर पायाची धूळ त्याला चिकटून फरशी कायम मळकी दिसते. सिमेंट राहिले तर कितीही पुसले तरी वाळल्यावर पांढरे पट्टे परत येतात.

मेणासाठी अल्कधर्मी क्लीनर लागतो. सिमेंटसाठी सौम्य ॲसिड लागते, कारण सिमेंटमधली चुन्याची संयुगे ॲसिडमध्ये विरघळतात. इथे बहुतेक मिस्त्रींचा हात हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बाटलीकडे जातो. पोर्सिलेनचे त्याने फारसे बिघडत नाही. मात्र सांध्यांमधले सिमेंट खाल्ले जाते, नळांचा मुलामा काळवंडतो आणि त्याच्या वाफांनी जाळ्या व कड्या गंजतात. सल्फॅमिक किंवा फॉस्फोरिक ॲसिडवर आधारित, टाइलसाठी बनवलेला ‘सिमेंट रिमूव्हर’ त्यापेक्षा चांगला. वापरण्याची पद्धत अशी:

1. सिमेंटचा ग्राउट निदान आठवडाभर सुकू द्यावा.
2. आधी साध्या पाण्याने फरशी आणि सांधे ओले करावेत, म्हणजे सांधे ॲसिड शोषून घेत नाहीत.
3. पातळ करताना ॲसिड पाण्यात घालावे, पाणी ॲसिडमध्ये नाही. प्रमाण बाटलीवर दिल्याप्रमाणे ठेवावे.
4. एका वेळी छोटा भाग घेऊन मऊ ब्रशने घासावे. द्रव फरशीवर वाळू देऊ नये.
5. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावे.

इपॉक्सी ग्राउटची गोष्ट वेगळी. त्याची झाक ॲसिडने निघत नाही. ग्राउट भरत असतानाच मिस्त्रीने ती पुसायला हवी. एकदा कडक झाल्यावर खास इपॉक्सी रिमूव्हर आणावा लागतो आणि बरीच मेहनत पडते. म्हणून काम चालू असताना शेजारी उभे राहून हे एवढे पाहावे.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड असलेला क्लीनर मात्र कोणत्याही कारणाने घरात आणू नये. काच आणि सिलिका खाणारे हे ॲसिड टाइलची चमक कायमची घालवते. त्याहून गंभीर म्हणजे ते त्वचेतून आत जाऊन शरीरातल्या कॅल्शियमवर परिणाम करते, आणि सुरुवातीला वेदनाही न जाणवता ती इजा प्राणघातक ठरू शकते. घटकपदार्थ न छापलेली, नाव नसलेली ‘टाइल क्लीनर’ची बाटली म्हणूनच टाळावी.

रोजची फरशी: कमी घालावे, नीट पुसावे

फरशीचा सगळ्यात मोठा शत्रू वाळू. वाळूतली गारगोटी टाइलइतकी किंवा तिच्याहून कठीण असते. चपलेखाली आलेला कण प्रत्येक पावलाला बारीक चरा पाडतो आणि दारापासून जाणारी ती राखाडी वाट अशीच तयार होते. दाराबाहेर एक आणि आत एक पायपुसणे ठेवणे आणि पुसण्याआधी झाडून घेणे, हा कुठल्याही महागड्या लिक्विडपेक्षा भारी उपाय आहे.

दुसरा शत्रू म्हणजे जास्तीचे लिक्विड. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी मिळून न विरघळणारा पांढरट साका तयार करतो. त्यावर फिनेल, सुगंधी लिक्विड आणि कधी शाम्पू असे थर चढत जातात. फरशी ‘जुनी झाली’ असे वाटते तेव्हा खरे तर हा थरच दिसत असतो.

उपाय सोपा आहे. बादलीभर पाण्यात न्यूट्रल, म्हणजे ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी, फ्लोअर क्लीनरचे बाटलीवर दिलेले प्रमाणच घालावे. फडके घट्ट पिळून घ्यावे, पाणी मळले की बदलावे आणि शेवटी एकदा साध्या पाण्याने पुसून कोरडे करावे. जुना क्षारांचा थर असेल तर व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने तो एकदा काढून स्वच्छ पाण्याने धुवावे. हे रोज करू नये, सिमेंटचे सांधे झिजतात. शेजारी संगमरवराचा उंबरठा किंवा ओटा असेल तर हे द्रावण त्यावर जाऊ देऊ नये. संगमरवर आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे असल्याने ॲसिडने त्यांची चमक जाते.

हिरवा खरखरीत स्क्रबर आणि तारेचा काथ्या दोन्ही टाळावेत. स्क्रबरने चकाकीवर बारीक चरे पडतात, तारेचे तुकडे मागे राहून गंजाचे ठिपके पडतात.

डाग कोणता, उपाय कोणता?

डाग जितका ताजा तितका सोपा. उपाय मात्र डागाच्या जातीप्रमाणे बदलतो.

- समईचे, फोडणीचे तेल: आधी कागदाने टिपून घ्यावे. मग कोमट पाण्यात भांड्याचे लिक्विड किंवा थोडा धुण्याचा सोडा घालून मऊ ब्रशने घासावे. ॲसिडने तेल निघत नाही.
- हळद: साबण किंवा सोडा लावल्यावर डाग लालसर होतो, घाबरू नये. हळदीचा रंग अल्कधर्मी पदार्थाने बदलतोच. हळदीत चुना मिसळून कुंकू होते ते यामुळेच. औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन डागावर ठेवावे. जागा उन्हात येत असेल तर ऊनही हा रंग उडवते.
- चहा, कॉफी, पान: पेरॉक्साइड. जुन्या डागासाठी खायचा सोडा आणि पेरॉक्साइडची लापशी लावून वर ओले फडके ठेवावे, काही तासांनी पुसावे. गरज पडल्यास पुन्हा करावे.
- गंज, झारीचे किंवा सिलिंडरचे वळे: सायट्रिक ॲसिड. ब्लीचने गंज जात नाही.
- मार्कर, बॉलपेन: स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर, खिडकी उघडी ठेवून आणि देवघरातला दिवा व गॅस बंद करून.
- कपाट सरकवल्यावर उमटलेली करडी रेघ: हा बहुतेकदा चरा नसतो, धातूचा माग असतो. सौम्य ॲसिडने तो निघतो.
- गेरू आणि रांगोळीचे रंग: रंगद्रव्य अगदी बारीक असल्याने छिद्रात घट्ट बसते. कोरडे असतानाच ब्रशने झाडून घ्यावे आणि मगच ओले फडके लावावे. पुढच्या वर्षी गेरू थेट टाइलवर न लावता पाटावर किंवा कागदावर लावलेला बरा.

या गोष्टी कधीच एकत्र करू नयेत

टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि फरशी घासणारा माणूस तर खालीच बसलेला असतो. दार लावलेल्या बाथरूममध्ये डोळे चुरचुरणे, खोकला, छातीत आवळल्यासारखे होणे काही क्षणांत सुरू होऊ शकते आणि फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. दोन्ही बाटल्या ‘आळीपाळीने’ वापरल्या आणि मध्ये पाण्याने धुतले नाही, तरी हेच घडते.

ब्लीच आणि अमोनिया असलेला काचेचा क्लीनर, ब्लीच आणि व्हिनेगर, पेरॉक्साइड आणि व्हिनेगर याही जोड्या टाळाव्यात. रीलमध्ये फसफसणारे व्हिनेगर आणि खायचा सोडा यांचे मिश्रण धोक्याचे नाही. पण ते दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात. फेस दिसतो, सफाई फारशी होत नाही.

असा वायू सुटल्याचे जाणवले तर बाटल्या, बादली तशीच सोडून लगेच मोकळ्या हवेत जावे. डोळ्यांत किंवा त्वचेवर उडाले असेल तर वाहत्या पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे धुवावे आणि डॉक्टरकडे जाताना बाटली सोबत न्यावी. घरकामाच्या ताईंच्या हातात ॲसिड देताना हातमोजे देणे आणि हे सांगणे, ही घरमालकाची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. खरेदीदाराची नोंद, ओळखपत्र आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला विक्री नाही, अशा त्या अटी आहेत.

सीलर कसा लावावा?

चाचणीत सावली मागे राहिली असेल तरच हा भाग कामाचा. पॉलिश्ड पोर्सिलेनला ‘पेनिट्रेटिंग’ किंवा ‘इम्प्रेग्नेटिंग’ सीलर लागतो. तो छिद्रांच्या आत बसतो आणि तेल-पाणी आत शिरू देत नाही. वर वार्निशसारखा थर देणारे कोटिंग घेऊ नये. गुळगुळीत टाइल ते धरून ठेवत नाही आणि काही दिवसांत पापुद्रे सुटतात. बाटलीवर ‘पॉलिश्ड पोर्सिलेनसाठी’ असा स्पष्ट उल्लेख असावा.

1. आधी पूर्ण स्वच्छता. मेण, सिमेंट, डाग सगळे काढावे. सीलरखाली राहिलेला डाग आतच बंद होतो.
2. पूर्ण सुकवणे. धुतल्यावर निदान एक दिवस, पावसाळ्यात जास्त.
3. कोपऱ्यात चाचणी. रंग किंवा चमक बदलते का पाहावे.
4. थोड्या भागात पातळ हात. धागे न सुटणाऱ्या कापडाने, एका वेळी दोन-तीन टाइल्स.
5. वेळ पाळणे. बाटलीवर दिलेली वेळ, साधारणतः ५ ते १० मिनिटे. वाळू देऊ नये.
6. उरलेला सीलर पूर्ण पुसणे. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. वर राहिलेला सीलर चिकट, ढगाळ होतो आणि धूळ ओढतो. तसे झालेच तर त्याच सीलरचा थोडा हात देऊन थर मऊ करावा आणि लगेच कोरड्या कापडाने पुसावा.
7. फरशीला विश्रांती. बाटलीवर सांगितलेल्या वेळेपर्यंत, अनेकदा २४ तास, पाणी आणि वावर टाळावा.

सॉल्व्हंटवर आधारित सीलर असेल तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि घरात दिवा, गॅस, सिगारेट काहीही पेटते नसावे.

फिक्या टाइलमध्ये गडद ग्राउट भरायचा असेल तर सीलर ग्राउटच्या आधी लावणे शहाणपणाचे. नाहीतर ग्राउटचा काळा रंगच छिद्रांत बसतो. अशा वेळी सीलर सांध्यांच्या कडांत जाऊ देऊ नये, ग्राउटची पकड कमी होते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सीलर किती वर्षे टिकतो? वावर आणि साफसफाईच्या पद्धतीवर अवलंबून असते. वर्षातून एकदा पेन्सिल-चहाची चाचणी करावी आणि खूण राहू लागली की पुन्हा लावावा.

सांध्यांना वेगळा सीलर लागतो का? सिमेंट ग्राउट छिद्रयुक्त असल्याने त्याला सीलरचा फायदा होतो. इपॉक्सी ग्राउटला गरज नसते.

सीलरने फरशी कमी घसरते का? नाही. पॉलिश्ड टाइल ओली असताना घसरतेच. बाथरूम, जिना आणि ज्येष्ठांच्या खोलीसाठी मॅट किंवा अँटी-स्किड टाइल निवडणे हाच खरा उपाय.

चरे पडलेली, चमक गेलेली टाइल पुन्हा चकचकीत होते का? डबल चार्ज आणि फुल बॉडी टाइलला यंत्राने पुन्हा पॉलिश करता येते, पण त्यात छिद्रे पुन्हा उघडतात आणि नंतर सीलर लावावा लागतो. झिलईच्या टाइलवर हे यंत्र चालवले तर नक्षीच निघून जाते.

नवी टाइल घेताना काय पाहावे? दुकानातच नमुन्यावर पेन्सिलीची रेघ ओढून पुसून पाहावी. दुकानदाराने नाही म्हटले, तर एक टाइल विकत घेऊन घरी तपासावी आणि मगच पूर्ण घराची ऑर्डर द्यावी.